खाऱ्या पाण्याची योजना

आमच्या घरमालकांना कोणी रस्त्यात "काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "सकाळी बरं होतं. आता घरी जाऊन खारटपणा बघितला की सांगतो." विचारणाऱ्याला वाटायचं, यांना ब्लडप्रेशर आहे आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मग तो सहानुभूतीचे दोन शब्द बोलायचा, आपल्या साडूला काय झालं होतं ते सांगायचा, लसणाची पाकळी सुचवायचा, आणि काका ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. आपण स्वतःच्या तब्येतीबद्दल नव्हे, तर घरातल्या काचेच्या टाकीबद्दल बोलत होतो, हा खुलासा करावा असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यात फारसा फरक नव्हता.

मी तेव्हा जव्हारला सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसायचे. मूळची मी कऱ्हाडची. काकांच्या घराच्या माडीवरची दीड खोली मला भाड्यानं मिळाली होती. खाली काका आणि काकी. मुलगा-सून नाशिकला. खोली देताना काकांनी माझी जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. एकच विचारलं, "दात घासताना नळ चालू ठेवता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी किल्ली दिली.

काका मोखाड्याच्या एका कचेरीत पाणीटंचाईचं टेबल सांभाळायचे. म्हणजे पावसाळाभर ते माश्या मारत बसायचे, आणि फेब्रुवारी सरला की जेवायला वेळ नसायचा. कुठल्या पाड्यावर टँकर पोचला, कुठल्या पाड्यावरून परत आला, कुठं ड्रायव्हरला रस्ताच सापडला नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू असायचं. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात एक छोटा पाना नि नळाचे वॉशर, असा त्यांचा जामानिमा. गळका नळ दिसला की त्यांना राहवायचं नाही. मुलगी बघायला गेलेल्या घरी, कुणाच्या तेराव्याला, कुठंही. एकदा आमच्या दवाखान्यात त्यांच्या मेव्हण्याला सलाईन लावलेलं होतं आणि हे भेटायला आले होते. मेव्हणा बिचारा "दाजी, दाजी" करतोय आणि दाजी वॉर्डातल्या बेसिनखाली डोकं घालून बसलेले. नळ दुरुस्त झाला, मेव्हणाही झाला, पण काका घरी येऊन फक्त नळाचंच सांगत होते.

माझ्या बेसिनचा नळ जरा टिपकायला लागला, की खालून छताला केरसुणीच्या दांड्यानं ठकठक व्हायचं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, आपण जोरात चालतो म्हणून काका रागावले. मी चवड्यांवर चालायला लागले. पुढं कळलं.

तर अशा माणसाच्या घरी, जिथं भात धुतलेलं पाणी अळूला आणि अंघोळीचं पाणी केळीला जायचं, तिथं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय नावाचा प्रकार कसा शिरला? दाढेमुळे. काका दाढ काढायला नाशिकला एका दंतवैद्याकडे गेले होते. तिथं बाहेर बसायच्या खोलीत भली मोठी टाकी होती आणि तीत समुद्रातले रंगीत मासे. काकांनी माशांकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "ह्यात पाणी कधी भरता?"

"भरत नाही हो. तेच पाणी फिरत असतं. खाली पंप आहे ना."

"तेच?"

"तेच. वाफ होऊन थोडं कमी होतं, तेवढं साधं पाणी वरून घालतो. मीठ कुठं उडून जातंय!"

काका दाढ न काढता परत आले. गाल हा एवढा सुजलेला. त्या सुजलेल्या गालानंच जिना चढून ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पाणी संपतच नाही! तेच फिरतं!" मला आधी वाटलं, भुलीचं इंजेक्शन चढलंय.

त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून ते जे बोलले, ते मला अजून आठवतं. एरवी हा माणूस कचेरीतल्या भाषेत बोलायचा. काकींकडे चहा मागतानासुद्धा "निकडीची बाब आहे" म्हणायचा. पण त्या दिवशी साधं बोलले. म्हणाले, "माझी सगळी नोकरी पाण्यात गेली, मॅडम. किती योजना आल्या माझ्या टेबलावर. विहीर खोदली तर पंप नाही. पंप आला तर वीज नाही. वीज आली तर विहीर आटलेली. उद्घाटनाला नळातनं पाणी आलं, टाळ्या वाजल्या, आणि मंडप उतरवायच्या आत बंद. पाणी उताराचं ऐकतं हो, साहेबाचं नाही. आता येत्या मे महिन्याच्या शेवटाला मी रिटायर होतोय. एक, फक्त एक योजना मला चालू सोडून जायचंय. गावातली नाही जमली तर घरातली."

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. मी म्हटलं, "काका, पण मासे मेले तर?"

"म्हणजे योजना बंद पडली," काका म्हणाले. "लाभार्थी राहिला तरच योजना."

टाकी नाशिकहून आली ती काळी-पिवळी जीपमधून, प्रवाशांच्या मांड्यांवर आडवी. घाटातल्या प्रत्येक वळणाला काका ओरडत होते म्हणे, "काच सांभाळा, काच!" आणि लोक आपल्या मांड्या सांभाळत होते. टाकी पुढच्या खोलीत भिंतीशी बसली. त्या भिंतीला काकींचा टीव्ही होता, तो स्वयंपाकघरात गेला. काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाय, लोकांचे घरवाले रिटायर झाल्यावर येडे होतात. आमचे आधीच झाले."

समुद्र आणायला काका स्वतः डहाणूला गेले. पॅकेटातलं मीठ त्यांना तेव्हा मंजूर नव्हतं. "अस्सल स्रोत पाहिजे," म्हणाले. एका रिकाम्या परत येणाऱ्या पिकअपमध्ये त्यांनी निळे कॅन भरून घेतले. वाटेत नाक्यावर गाडी अडवली. आमच्या भागात कॅन दिसले की पोलिसांच्या मनात पहिल्यांदा मोहाची दारू येते, त्यात त्यांचा दोष नाही.

"काय आहे ह्यात?"

"समुद्र," काका म्हणाले.

शिपायानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नीट सांग. काय आहे?"

"अरबी समुद्र."

शिपायानं कॅन उघडला, वास घेतला, बोट बुडवलं, चाखलं आणि बाजूला जाऊन थुंकला. मग म्हणाला, "जा." काका हे सांगताना फार खूश असायचे. "एवढी कडक तपासणी आमच्या खात्यानं कधी केली नाही," म्हणायचे.

पण तो अस्सल स्रोत गढूळ निघाला आणि आठवडा व्हायच्या आत घरात असा वास सुटला, की माझ्याकडे आलेली मैत्रीण म्हणाली, "खाली सुकट वाळत घातलीय का?" अस्सल स्रोत गटारात गेला. तिथून पुढं काकांनी नाशिकच्या माशांच्या दुकानदाराला फोनवर गुरू केलं. तो सांगेल ते शब्दशः. तो म्हणाला, समुद्राचं तयार मीठ घ्या आणि शुद्ध पाण्यात कालवा. काकांनी मीठ मागवलं. राहिलं शुद्ध पाणी. नळाचं पाणी टाकीला लावणं त्यांना शक्यच नव्हतं. मग ते उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायकांना तोंड कसं दाखवणार? सप्टेंबरचा पाऊस शिल्लक होता. काकांनी अंगणात चार बांबू ठोकून नवंकोरं प्लास्टिकचं कापड ताणलं आणि आकाशातलं पाणी थेट पिंपात घेतलं. टाकीपुरतं घेतलंच, वर उन्हाळ्यात वाफ होऊन जाईल त्याच्या भरपाईची पिंपंही भरून झाकून ठेवली. पाऊस पडत असताना छत्री घेऊन, पिंपाशेजारी खुर्ची टाकून हा माणूस राखण करत बसायचा. कावळा कापडावर बसेल म्हणून.

मीठ कालवताना त्यांना माझी आठवण झाली. "मॅडम, तुमच्या सलाईनमध्ये मीठ किती?"

"शंभराला एकाहून जरा कमी."

"अरेरे," काका म्हणाले. "समुद्रात साडेतीन असतं. तुमच्या सलाईनमध्ये आमचा मासा टिकायचा नाही." आणि माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की मलाच आमच्या दवाखान्याची लाज वाटली.

मग पाणी तयार झालं, पंप सुरू झाला, दिवा लागला, आणि मासे नाहीत. गुरूंनी सांगितलं होतं, नव्या टाकीत लगेच मासे सोडले की ते आपल्याच घाणीनं मरतात. ती घाण पचवणारे जंतू आधी तयार व्हायला लागतात. त्यासाठी एक कोळंबी टाकीत सोडून कुजू द्यायची आणि महिना-दीड महिना गप्प बसायचं. काका गप्प बसले. पण गाव कसं बसेल? मासे बघायला लोक यायचे. काका त्यांना खुर्च्या द्यायचे, चहा द्यायचे, दिवा लावायचे. लोक अर्धा अर्धा तास रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचे.

"काका, मासे कुठंयत?"

"मासे मागाहून. सध्या जंतू पाळलेत."

ही बातमी काकींनी नळावर सांगितली. "आमच्यांनी घरात जंतू पालले!" दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवर रांग. समोरची शिलाईवाली, पलीकडच्या अंगणवाडीच्या ताई, दूधवाले, सगळे हळू आवाजात विचारायला आले, की काकांच्या घरचे जंतू उडून येतात का, आणि त्यावर गोळी आहे का. मी समजावून थकले. शेवटी सगळ्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं.

अखेर मासे आले. दोन. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. काका त्यांना जेवणाच्या मोठ्या थर्मासच्या डब्यात, हवा भरलेल्या पिशवीत घालून, मांडीवर घेऊन नाशिकहून आले. पिशवी टाकीत तरंगत ठेवून थोडं थोडं पाणी एकमेकांत मिसळवलं आणि मग सोडलं. मासे एका दगडामागं गेले. काकांनी हात जोडले.

आता आमच्याकडे एक रीत आहे. म्हणजे मी कऱ्हाडची असूनही "आमच्याकडे" म्हणते, इतकी ती मला आवडली. घरात कुणी नवं आलं, बाळ असो, सून असो, की नोकरीवरून आलेला पाहुणा असो, त्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही. काहीतरी खाऊ त्याच्या तोंडी घालायचाच. आळीतलं कुणीही हे विसरणारं नव्हतं. शिलाईवाली शेव घेऊन आली. अंगणवाडीच्या ताईंनी नागलीचा लाडू आणला. दूधवाल्यांनी पेढा. कुणी कुरमुरे, कुणी भाकरीचा तुकडा. सगळ्यांनी प्रेमानं, चिमूट चिमूट, वरच्या फटीतून आत सोडलं. काका कचेरीत आणि काकी दारात उभ्या राहून "या, या" म्हणतायत. येणाऱ्याचा हात धरायचा कसा? उलट काकींना पहिल्यांदाच त्या टाकीचा जरा अभिमान वाटायला लागला होता.

चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं आणि दोन्ही मासे वर आले, उलटे.

काकांनी चौकशी लावली. मी विनोदानं म्हणत नाही. त्यांनी एकेकाला पुढच्या खोलीत बोलावून, समोर बसवून विचारलं, "आपण सदर माशांना काय घातलंत? केव्हा? कशा हेतूनं?" लोकांना रडू यायचं बाकी होतं. शिलाईवाली म्हणाली, "काका, पाव चमचा शेव. तीबी बारीक." काका म्हणाले, "समुद्रात शेव असते का?" तिनं खाली मान घालून सांगितलं, "मी समुद्र बघितला नाय, काका." चौकशी तिथंच संपली. निष्कर्ष असा निघाला, की मासे पाहुणचारानं मेले.

त्यांनी टाकीवर पाटी लावली: "माशांना खाऊ देऊ नये." झालं, आळीभर बोभाटा, की काका माशांना उपाशी ठेवतात. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची म्हातारी, जव्हारला बाजाराला आलेली, काकांना ओळखीनं भेटायला घरी आली. पाटी तिला वाचून दाखवली. ती टाकीकडे बघून म्हणाली, "आमाला पानी नाय देत, आन ह्यांना घास नाय देत. तुजा जीव लागतो तरी कोनाला, रं बाबा?" काका त्या दिवशी जेवले नाहीत.

यातून मार्ग काढला काकींनी. टाकीशेजारी एक स्टीलची ताटली मांडली. जो येईल त्यानं आपला खाऊ माशांच्या नावानं त्या ताटलीत ठेवायचा. संध्याकाळी ताटली परसातल्या कोंबड्यांपुढं. लोकांचं मन राहिलं, पाणी निवळ राहिलं आणि कोंबड्या अशा माजल्या, की मांजराच्या अंगावर जायला लागल्या.

हिवाळ्यात काकांनी पुन्हा चार मासे आणले. दोन तसेच नारंगी, एक पिवळा, एक निळ्या रेघांचा. हे टिकले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ काचेची नळी पाण्यात सोडून काका खारटपणा मोजायचे. दुपारी ते मोखाड्याला असले तर फोन यायचा आणि काकींना चष्मा लावून आकडा वाचून दाखवायला लागायचा. काकी वैतागायच्या. "भाताला मीठ कमी झालं तं ह्या मानसाला कलत नाय. आन मासल्यांच्या मिठाला दिसातनं तीन बार बगतो." पण वाचायच्या. आकडा बरोबर आला की फोनमध्ये काकांचा आवाज बदलायचा. एप्रिलमध्ये, टँकरची धावपळ ऐन भरात असताना, घरी आलेला हा माणूस बूट न काढता त्या टाकीसमोर बसायचा आणि मला जिन्यावरून हाक मारायचा, "मॅडम, योजना चालू आहे."

मग मे आला. रिटायर व्हायला शेवटचा आठवडा उरला होता. त्या आठवड्यात वळीव असा कोसळला, की विजेचे खांब रस्त्यावर आडवे पडले. अख्खं जव्हार, मोखाडा अंधारात. काकांच्या इन्व्हर्टरनं सकाळपर्यंत दम धरला. पंप बंद पडायच्या बेतात असताना काकांनी मांडववाल्याकडे धाव घेतली. लग्नसराई, सगळे जनरेटर बाहेर. एक मात्र आदल्या दिवशीच्या वरातीतून परत आला होता. तो हातगाडीवरून अंगणात आला, खिडकीतून वायर आत गेली, भकभक करत यंत्र सुरू झालं आणि टाकीत पाणी पुन्हा फिरायला लागलं. आळीतले सगळे आपापले मोबाईल चार्जिंगला घेऊन आले. काका कुणालाच नाही म्हणाले नाहीत. मी दवाखान्यात जाताना बघितलं, तर ते अंगणात खुर्चीवर बसून त्या आवाजात शांत झोपले होते.

दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा काका जागे होते आणि फोन कानाला. फोनवर पलीकडे टँकरचा ड्रायव्हर. टँकर भरायच्या विहिरीवर वीज नाही, मोटर बंद, टँकर कोरडा उभा. कचेरीचा जनरेटर दुसऱ्या विहिरीवर गुंतलेला. सूर्यमाळकडच्या पाड्यांवर काल खेप गेली नव्हती, आज नाही गेली तर उद्याचं काय ते कुणीच बोलत नव्हतं.

"पाऊस पडलाय ना काल एवढा?" मी काकींना विचारलं.

"डोंगरावरचा पाऊस, बाय. खाली पलाला," काकी म्हणाल्या.

काकांनी फोन ठेवला आणि टाकीसमोर जाऊन उभे राहिले. जेमतेम मिनिटभर. मग अंगणात गेले आणि जनरेटर बंद केला. इतक्या आवाजानंतर एकदम जी शांतता झाली ती मला सोसवेना. पिकअपवाल्याला फोन झाला, मांडववाल्याची माणसं आली, यंत्र वर चढलं. काकांनी पायात चपला सरकवल्या आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "आता सहा-सात तासांत हवा संपेल पाण्यातली. ही योजना बंद पडली असं समजा. मी यायच्या आत काढून टाका त्यांना. मला दाखवू नका."

पिकअप कोपऱ्यावरून वळली तशी काकींनी पदर खोचला, न्हाणीतला प्लास्टिकचा मग आणला, तो पिंपातल्या पाण्यानं दोनदा विसळला, स्टुलावर चढल्या, टाकीवरचं झाकण काढलं, टाकीतल्याच पाण्यात तो बुडवला, हात उंच केला आणि धार सोडली. पाणी फेसाळत आत पडलं.

"काकी, हे काय?"

"हवा घालते. वरनं पानी पडलं का हवा आत जाते. तो नाशिकवाला फोनवर सांगत होता ह्यांना, मी आयकलं. हे सांगतात ते मी सगलं आयकते, बाय, फक्त ह्यांना सांगत नाय."

अर्धा दवाखाना वाट बघत असताना मी फोन करून अर्धी रजा टाकली आणि स्टुलावर चढले. दहा मिनिटांत खांदा भरून आला. एवढ्यात शिलाईवाली मोबाईल न्यायला आली, तिला जनरेटर दिसला नाही, आम्ही दिसलो. कारण कळल्यावर तिनं मोबाईल तिथंच टाकला आणि म्हणाली, "द्या मग." मग अंगणवाडीच्या ताई. मग दूधवाल्यांची बायको आणि सून. जी येईल तिच्या हाती काकी मग द्यायच्या, आणि जिचा हात दुखेल ती खाली उतरून भिंतीशी बसायची, पुन्हा नंबर येईपर्यंत. त्या दुपारी त्या खोलीत किती गप्पा झाल्या! कुणाच्या सुनेला पोळ्या येत नाहीत, कुणाचा ब्लाउज शिलाईवालीनं दोनदा बिघडवला, सगळं निघालं. धार मात्र थांबली नाही. मधेच एकीनं सवयीनं पिशवीतून कुरमुरे काढले तर शिलाईवाली तिच्यावर अशी खेकसली, की ती बिचारी कुरमुरे मुठीत धरून बसली.

तिसऱ्या प्रहरी पिवळा मासा दगडाजवळ आडवा झाला. काकींनी त्याला गाळणीनं बाहेर काढलं आणि परसात पुरून आल्या. परत येऊन स्टुलावर चढल्या. त्यांचा हात त्या वेळी सगळ्यांत जोरात चालत होता. मला वाटलं होतं, ही टाकी फुटली तर सगळ्यांत आनंद ह्या बाईला होईल. मला काय कळत होतं!

उन्हं उतरली तेव्हा पिकअपचा आवाज आला. काका दारात आले. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला डिझेल. घरात एवढ्या बायका भिंतीशी बसलेल्या बघून ते उंबऱ्याबाहेरच थांबले. टाकीकडे त्यांनी बघितलं नाही. जमिनीकडे बघतच विचारलं, "सगळे गेले?"

"एक गेला. पिवला," काकी स्टुलावरून म्हणाल्या. "तीन हायेत."

काकांनी मान वर केली.

"टँकर गेला का, काका?" शिलाईवालीनं विचारलं.

"गेला. दोन खेपा झाल्या. तिसरी भरतेय." मग चाचरत म्हणाले, "जनरेटर तिथंच ठेवून आलोय. उद्याही लागेल तिथं."

"ऱ्हाऊ दे तिथंच," काकी म्हणाल्या. "आमी उद्यालाबी हाव."

काका आत आले. काच अगदी जवळून बघितली. निळ्या रेघांचा मासा फेसाच्या खाली, धार पडत होती तिथं येऊन कल्ले हलवत होता. नारंगी दोघे त्याच्या मागं. काकांनी बादलीत हात धुतले, शर्टाला पुसले आणि मगासाठी हात पुढं केला.

"नंबर लावा," काकी म्हणाल्या. "तुमच्या पुढं तिघी हायेत."

शिलाईवाली संकोचून उठली. "घ्या ना काका, माझ्या जागी तुम्ही घ्या. तुमचीच टाकी."

काकांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी मान हलवली.

"नको," म्हणाले. "योजना चालू आहे. चालू योजनेत मधे घुसायचं नसतं." आणि ते अंगणवाडीच्या ताईंच्या मागं जाऊन रांगेत उभे राहिले.